संगणक सुरू होत नाही : आधी काय पाहावे?



विहिरीवरची मोटार उचलेनाशी झाली तर आपल्यापैकी कोणीही ती लगेच वर काढून रिवाइंडिंगला टाकत नाही. आधी लाईट आहे का ते बघतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला का, स्टार्टर धरतो का, फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का, असे एकेक पाहत जातो. दहापैकी आठ वेळा दोष स्वस्तातल्या वस्तूत निघतो. हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवलेले नाही, अनुभवाने आलेले आहे. पण टेबलावरचा संगणक बंद पडला की हेच शहाणपण आपण खुंटीला टांगतो आणि म्हणतो, "गेला. नवा आणा." नाहीतर त्याहून वाईट, "फॉर्मॅट मारा."

संगणक आता फक्त कारखान्याच्या कचेरीत राहिलेला नाही. गावच्या सोसायटीत आहे, ग्रामपंचायतीत आहे, शाळेत आहे, कित्येक सभासदांच्या घरी मुलाने कॉलेजात असताना घेतलेला जुना डबाही आहे. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. म्हणजे आपल्या कर्जाचा, खताचा, उसाचा हिशेब या ना त्या डब्यात जाणारच. म्हणून डबा रुसला तर काय करावे, हे चार लोकांना ठाऊक असलेले बरे. त्यासाठी चारठाण्याची एक हकिकत सांगतो.

चारठाण्याचा निरोप

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी चालू होत्या. चारठाणा गट कार्यालयातून निरोप आला, "संगणक मेला. दुसरा पाठवा, नाहीतर जिंतूरहून माणूस बोलावून फॉर्मॅट मारून घेतो." आम्ही फोनवरच सांगितले, "कोणालाही हात लावू देऊ नका, आम्ही येतो." आणि संगणक कक्षातले आम्ही दोघे निघालो.

चारठाणा म्हटले की बाहेरच्या माणसाला जुनी हेमाडपंती देवळे आणि नक्षीचा दगडी स्तंभ आठवतो. आपल्याला आठवतो तो विहिरीवर जपलेला ऊस. जिंतूर तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीचा पसारा मोठा, त्यात ऊस थोडा. पण ज्याचा आहे त्याचा सगळा पैसा त्याच्यात अडकलेला. त्यामुळे नोंद आणि तोडणीची पाळी हा इथे जिव्हाळ्याचा विषय.

कार्यालयात वीसएक वर्षांपूर्वीचा संगणक, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. इतका जुना का ठेवला, असे कोणी विचारील. नोंदीचा प्रोग्रॅम आणि त्याची मराठी अक्षरे त्या एकाच डब्यावर चालतात. प्रिंटरच्या खोबणीत त्या अक्षरांचे कुलूप म्हणून एक लहानसा ठोकळा बसवलेला असतो. नव्या संगणकाला ती खोबणीच नसते. म्हणून जुना बैल अजून औताला.

बाकावर एक वयस्कर सभासद बसलेले होते. त्यांनी आम्हाला पाहताच विचारले, "साहेब, डबा बंद पडला म्हणजे माझी नोंद गेली का?"

आम्ही म्हणालो, "नाही मामा. डबा वेगळा, नोंद वेगळी. मोटार जळाली म्हणून विहिरीतलं पाणी आटत नाही."

उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. ते पुढे कळले.

सुरू होणे म्हणजे काय?

संगणक सुरू होण्याला बूट होणे म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला वर उचलायचे, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हा शब्द आला. काम तसेच अवघड आहे. प्रोग्रॅम चालवायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला कोण चालवणार?

आपल्या कारखान्याचेच पाहा. हंगामाच्या आरंभी बॉयलर पेटवायला बगॅस लागतो आणि बगॅस तर ऊस गाळल्यावर निघतो. म्हणून मागच्या हंगामातला थोडा राखून ठेवतात. त्यावर बॉयलर पेटतो, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते, मग मिल चालते आणि ताजा बगॅस येऊ लागतो. संगणकातही असा राखून ठेवलेला थोडा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतो. त्याला बायोस म्हणतात. वीज गेली तरी तो पुसला जात नाही.

बटण दाबल्यावर क्रम असा असतो. मागच्या बाजूची लोखंडी पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. वीज नीट आहे असा इशारा मिळाला की प्रोसेसर जागा होतो आणि बायोस वाचू लागतो. बायोस रॅम, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. हजेरी पुरी झाली की ठरवून दिलेल्या क्रमाने डिस्क शोधतो. जुन्या संगणकात डिस्कवरची पहिली फक्त ५१२ बाईट वाचली जातात, त्यांच्याकडून पुढचा पत्ता मिळतो आणि शेवटी विंडोज किंवा जी प्रणाली असेल ती रॅममध्ये येते.

हा क्रम ध्यानात ठेवला की निम्मे काम झाले. कारण संगणक सुरू होत नाही, ही काही तक्रार नव्हे. तो कुठपर्यंत जाऊन थांबतो, ही तक्रार. "पोट दुखतंय" एवढेच सांगितले तर डॉक्टर तरी काय करणार? त्यासाठी चार मुक्काम मानावेत.

पहिला मुक्काम : काहीच हालचाल नाही

दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. इथे दोष विजेच्या वाटेवर असतो. भिंतीपासून आत यावे.

सॉकेटमध्ये वीज आहे का, हे टेस्टरने किंवा दुसरा दिवा लावून पाहावे. मग एक्स्टेन्शन बोर्ड. मग यूपीएस. त्याची बॅटरी बसली असेल तर तो टीं-टीं करून मान टाकतो, म्हणून संगणकाची वायर यूपीएस टाळून सरळ भिंतीत लावून पाहावी. मग ती जाड काळी वायर, ती मागे घट्ट बसली आहे का? शक्य तर दुसरी लावून पाहावी, मॉनिटरचीही बहुधा तशीच असते. एसएमपीएसच्या पाठीवर एक लहान स्विच असतो. झाडलोट करताना त्याला धक्का लागतो आणि दिवसभर लोक डोके धरून बसतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असे लिहिलेली लाल खिटी असते. आपल्याकडे ती २३० वरच पाहिजे. ११५ वर सरकवून वीज दिली तर पेटी जळते. लहान मुलांना तिथे हात लावू देऊ नये.

एवढे होऊनही काही नाही, तर पेटी बिघडली असण्याचा संभव मोठा. ग्रामीण भागात विजेचा दाब वर-खाली होतो, पाऊस-वीज असतो, अर्थिंग धड नसते, त्याचा पहिला मार पेटी खाते. सारख्या क्षमतेची दुसऱ्या संगणकाची चालू पेटी लावून पाहणे हीच खरी परीक्षा. पण एक गोष्ट बजावून सांगतो. एसएमपीएसची पेटी स्वतः उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती झटका देते.

दुसरा मुक्काम : पंखा फिरतो, पडदा काळा

पंखा फिरला म्हणजे सगळे ठीक, असे नव्हे. पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात, बाकीचे येतात की नाही हे तो सांगत नाही.

आधी पडद्याकडे पाहावे. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागतो का, त्याची केबल दोन्ही बाजूंनी बसली आहे का? मागे पडद्यासाठी दोन खोबण्या असतील, एक मदरबोर्डची आणि एक वेगळ्या कार्डाची, तर केबल कार्डाच्या खोबणीत असावी.

मग कान द्यावा. सुरू होताना एक छोटी पीं आली तर बहुतेक संगणकांत हजेरी ठीक झाली असे समजावे. लांब पीं पुन्हापुन्हा येत राहिली तर रॅमकडे बोट. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर पुष्कळ जुन्या बोर्डांत पडद्याच्या कार्डाची तक्रार. प्रत्येक कंपनीची खूण थोडी वेगळी असते, म्हणून पीं किती आणि कशा आल्या ते कागदावर लिहून ठेवावे. सांगणाऱ्याला ते उपयोगी पडते.

चारठाण्याचा डबा याच मुक्कामाला अडला होता. पंखा गरगर फिरत होता आणि लांब पीं थांबत नव्हती. लिपिक म्हणाले, "चार दिवसांपासून असंच रडतंय."

आम्ही वायर काढली, बटण पाच-सहा सेकंद दाबून धरले म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि झाकण उघडले. आत बोटभर धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, कोपऱ्यात पालीची अंडी. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या फटी बुजलेल्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा पंखा उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि यंत्र तापून आपोआप बंद पडते. रंगाचा नवा कोरडा ब्रश घेऊन, पंखा बोटाने धरून, धूळ काढली. ओले फडके कधीच वापरू नये.

मग आतल्या लोखंडी सांगाड्याला हात लावला. अंगात साठलेली स्थिर वीज आपल्याला जाणवत नाही, पण चिपला ती मारक ठरते. रॅमच्या दोन पट्ट्या दोन्हीकडच्या खिट्या उघडून काढल्या. पावसाळी दमटपणाने त्यांच्या सोनेरी दातांवर काळसर थर धरला होता. शाळेच्या मुलाच्या कंपासपेटीतला साधा पांढरा खोडरबर घेतला, दातांवरून हलका फिरवला, भुगा झाडला. एकच पट्टी बसवली. खिट्या टक् करून आपोआप बसल्या पाहिजेत, तरच पट्टी पुरी बसली. वीज दिली. एक छोटी पीं आली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. दुसरी पट्टी बसवली, तीही चालली.

बाकावरचे मामा उठून जवळ आले आणि म्हणाले, "रबरानं झालं?" हो, रबराने झाले.

रॅम पुसूनही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्डवरचे लहान गोल उभे डबे पाहावेत. त्यांची डोकी सपाट असतात. ती फुगली असतील किंवा त्यांतून तपकिरी द्रव आला असेल, तर ते कपॅसिटर गेले. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांत हा दोष जगभर निघाला. चांगला कारागीर ते बदलून देतो. पण बोर्डाची वये लक्षात घेता किती खर्च करायचा, हे आधी ठरवावे.

तिसरा मुक्काम : अक्षरे येतात आणि थांबतात

इथे यंत्र स्वतःच तक्रार सांगत असते, आपण ती वाचत नाही. इंग्रजी दिसले की कोणतेतरी बटण दाबून मोकळे होतो. नेहमीची चार वाक्ये सांगतो.

'कीबोर्ड एरर' असे आले तर कीबोर्डची वायर सुटली आहे किंवा त्याच्यावर एखादी वही ठेवलेली आहे.

'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क' किंवा 'नॉन सिस्टिम डिस्क' असे आले तर प्रणाली असलेली डिस्क सापडत नाही. आधी फ्लॉपी, सीडी, पेन ड्राइव्ह काही आत राहिले असेल ते काढावे. संगणक कधी कधी त्यातच प्रणाली शोधत बसतो.

'एनटीएलडीआर इज मिसिंग' हे विंडोज एक्सपीच्या काळातल्या संगणकावर येते. इथेही आधी बाहेरची डिस्क आत राहिली आहे का तेच पाहावे. नसेल तर हार्ड डिस्कवरची सुरुवातीची फाईल हरवली आहे. ती मूळ सीडीवरून परत ठेवता येते, त्यासाठी फॉर्मॅट लागत नाही.

'सीमॉस चेकसम एरर' म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला. त्याच्याविषयी पुढे.

चारठाण्यात रॅम बसल्यावर यातले दुसरे वाक्य आले, डिस्क सापडत नाही. लिपिकांचा चेहरा उतरला. "म्हणजे डिस्कच गेली की हो." आम्हीही क्षणभर गप्प झालो. मग आठवले, सकाळी ही तक्रार नव्हती. म्हणजे मधल्या वेळात ज्याला आपला हात लागला तेच आधी पाहायचे. रॅम काढताना मनगट लागून हार्ड डिस्कची रुंद चपटी पट्टी ढिली झाली होती. चूक आमची. पट्टी नीट दाबून बसवली, डिस्क सापडली.

यातून एक नियम घ्यावा. एका वेळी एकच बदल करावा आणि केलेला लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले कळत नाही आणि कशाने बिघडले तेही कळत नाही. त्या पट्टीची एक कड लाल असते, ती एक नंबरच्या पिनकडे यावी लागते. उघडण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला तर जोडताना डोके खाजवावे लागत नाही.

चौथा मुक्काम : विंडोजचे चित्र येते आणि अडते

निळा पडदा, किंवा पुन्हापुन्हा आपोआप सुरू होणे. इथे यंत्र बहुधा ठीक असते आणि प्रणालीत बिघाड असतो. एक्सपी किंवा सातच्या विंडोजमध्ये सुरू होतानाच एफ-८ दाबत राहिले तर यादी येते. तिच्यातला सेफ मोड निवडावा. मोजक्या सामानानिशी यंत्र सुरू होते. शेवटची नीट चाललेली मांडणी परत आणण्याचाही पर्याय तिथेच असतो.

मात्र हार्ड डिस्कमधून टक-टक असा ठोका येत असेल, तर पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. त्या डिस्कचे यांत्रिक भाग झिजलेले असतात, प्रत्येक वेळी आणखी नुकसान होते. ताबडतोब बंद करावे आणि माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

फॉर्मॅटची घाई नको

फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसणे. पाटीवर काय लिहिले आहे ते उतरून घेण्याआधी पाटी पुसणारा मास्तर आपण ठेवत नाही. दोष एसएमपीएसमध्ये, रॅममध्ये किंवा पट्टीत असताना डिस्क फॉर्मॅट करणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

संगणक काहीही केले तरी सुरू झाला नाही, तरी डिस्क चांगली असेल तर माहिती हाती येते. डिस्क चार स्क्रू काढून बाहेर घेता येते आणि एका लहान जोडणीने दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हसारखी लावता येते. किंवा दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स तयार करून त्यावर हा संगणक चालू करता येतो आणि डिस्कला धक्का न लावता फाईली उतरवता येतात. फार जुने बोर्ड पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाहीत, तिथे तेच काम सीडीवरून करावे. कारागिराला आधी एकच वाक्य सांगावे, "माहिती काढून दाखवा, मग दुरुस्तीचं बोलू."

नाण्याएवढा सेल आणि एकवीस नोंदी

आता राहिलेली गोष्ट. चारठाण्याचा संगणक सुरू होताना पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' आले आणि लिपिकांनी सवयीने एफ-१ दाबले. आम्ही विचारले, "हे रोज येतं?"

"पंधरा दिवस झाले. एफ-१ दाबलं की पुढं जातं."

पुढे जाते हे खरे. पण कशासह पुढे जाते? मदरबोर्डवरचा तो सेल ३ व्होल्टचा असतो, सीआर २०३२ या नावाने मिळतो. यंत्राची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे आणि बायोसची मांडणी लक्षात ठेवणे ही त्याची कामे. काही वर्षांनी तो संपतो. मग रोज संध्याकाळी भिंतीचे बटण बंद केले की घड्याळ थांबते आणि सकाळी संगणक त्याच्या जन्माच्या सुमाराची तारीख धरतो. आम्ही कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २००३.

लागणीची तारीख लिपिक हाताने भरतात, ती बरोबर होती. पण नोंद केल्याची तारीख प्रोग्रॅम घड्याळावरून आपोआप घेतो. आणि तोडणी कार्यक्रमाची यादी काढताना तो चालू हंगामातल्या तारखांच्याच नोंदी उचलतो. आम्ही यादी काढून पाहिली. त्या पंधरवड्यातल्या एकवीस नोंदी यादीत नव्हत्या. डिस्कवर होत्या, पण वीस वर्षांपूर्वीच्या गाठोड्यात. संगणक बंदही पडला नसता, तर हे कोणाला कळले असते? तोडणी सुरू होऊन पाळी आली नाही म्हणून सभासद फडात उभा राहिला असता, तेव्हा. ऊस एकदा पक्व झाला की उभा ठेवण्यात वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याला सांगायला नको.

बाकावरच्या मामांचे नाव त्या एकवीसमध्ये होते. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली नोंद पावती काढली. त्यावर लिपिकांनी हाताने घातलेली खरी तारीख होती. पावती पुस्तकातल्या कार्बन प्रती काढून आम्ही एकवीसच्या एकवीस नोंदी संध्याकाळपर्यंत दुरुस्त केल्या. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी सगळ्या फाईलींची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. सेल गावातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. रॅमच्या खोडरबराइतकाच तोही किरकोळ किमतीचा.

लिपिकांना बोल लावण्यात अर्थ नाही. एफ-१ दाबा, असे त्यांना मागे कोणीतरी सांगितले होते, आणि बहुधा आमच्यापैकीच कोणीतरी. यंत्र दुरुस्त करताना नोंद तपासायला आम्ही शिकवले नव्हते. मामांना आम्ही सकाळी दिलेले उत्तर म्हणूनच अपुरे होते. डबा वेगळा आणि नोंद वेगळी हे खरे, पण डबा चालू आहे म्हणजे नोंद सुखरूप आहे, असेही नाही.

सेल बदलताना एक काळजी घ्यावी. आधी बायोसमध्ये जाऊन मांडणी कागदावर उतरून घ्यावी किंवा पडद्याचा फोटो काढावा. सेल निघाला की डिस्कची मांडणी मूळ पदावर जाते आणि काही संगणकांत त्यामुळे विंडोज निळा पडदा दाखवते. मांडणी पूर्ववत केली की तो जातो. सेल बसवल्यावर तारीख-वेळ घालून, जपून ठेवून, मगच बाहेर यावे.

यंत्र बदलते, नोंद राहते

१९५० साली प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना गाळपाला लागला तेव्हा सभासदाचा हिशेब खतावणीत असे. १९९८ साली वारणा परिसरात कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला. ऊसनोंद, तोडणीचा क्रम, वजन, बिल हे शेतकऱ्याला गावातच कळावे हा हेतू. पुढे त्याच भागात काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलचा संदेश वापरून तेच काम करून पाहण्यात आले. गावातल्या संगणकाची देखभाल, वीज, बिघाड या अडचणी तिथेही होत्याच. खतावणी गेली, डबा आला, मोबाईल आला. पण माझा ऊस कधी लागला, कधी नोंदला, किती भरला, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक यंत्राला द्यावीच लागतात. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण त्याचा हिशेबही तारखेवरच उभा आहे. तारीख चुकली की पुढचे सगळे चुकले.

म्हणून सर्व गट कार्यालयांना आणि सभासदांना आमची विनंती अशी.

रोज काम सुरू करताना आधी पडद्यावरची तारीख पाहावी, मगच पहिली नोंद घ्यावी. दर आठवड्याला फाईलींची नक्कल दोन ठिकाणी ठेवावी, एक कार्यालयात आणि एक कारखान्यावर. एकाच टेबलाच्या खणात दोन्ही ठेवल्या तर त्या एकच समजाव्यात. नोंदींची छापील यादी दर पंधरवड्याला कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. विंडोज एक्सपीचे संरक्षण कंपनीने २०१४ मध्ये आणि सातचे २०२० मध्ये थांबवले. असे संगणक इंटरनेटला जोडू नयेत, ते फक्त नोंदीपुरते चालवावेत. पावसाळ्याआधी आणि हंगामाआधी असे वर्षातून दोनदा झाकण उघडून धूळ काढावी. मोटारीला ग्रीस देतो तसे हे समजावे.

सभासदांनी नोंद पावती जपून ठेवावी आणि भिंतीवरच्या यादीत आपले नाव, गट नंबर आणि तारीख स्वतः वाचावी. वाचता येत नसेल तर नातवाला घेऊन यावे. नाव दिसले नाही तर लाजू नये, तिथल्या तिथे विचारावे. चारठाण्याच्या मामांनी विचारले म्हणून बाकीच्या वीस जणांचीही पाळी वाचली.

कळावे. आपला ऊस, आपली नोंद.